यादी बाहेर कोण नेतो?

ऑक्टोबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्रीचे छापे घातले. सातशेहून जास्त जण ताब्यात घेतले गेले, त्यांतल्या सत्तर जणांना अटक झाली. इथली पोरं अमेरिकेत फोन लावून, 'तिकडच्या आयकर खात्यातून बोलतोय, कर भरा नाहीतर अटक होईल,' असं दरडावत. घाबरलेला माणूस दुकानातून गिफ्ट कार्डं आणून त्यांवरचे आकडे फोनवर वाचून दाखवी.

बातम्यांत चर्चा रंगली ती पोरांच्या इंग्रजी उच्चारांची आणि म्होरक्याच्या महागड्या गाडीची. फोन नंबर आले कुठून, हे विचारणारे थोडे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांविरुद्धचं आरोपपत्र जाहीर केलं. त्यात उत्तर आहे: माहितीच्या दलालांकडून, आणि इतर मार्गांनी. फसलेले लोक पंधरा हजारांहून जास्त.

त्याआधीचं पुण्याचं एक प्रकरण याच्याशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. २००५मध्ये एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधले कर्मचारी सिटीबँकेच्या खात्यांतले पैसे लांबवल्याबद्दल पकडले गेले. त्यांनी पिन मिळवले होते चार ग्राहकांचे. गोड बोलून, एकेकाला गाठून माहिती काढायची म्हटली तर हात तेवढाच पोचतो. पण अख्खी यादी फाइल होऊन बाहेर पडली, की आकडा एका क्लिकमध्ये हजारांत जातो.

म्हणून एकेक नोंद पाहण्याचा अधिकार आणि सगळ्या नोंदी बाहेर काढण्याचा, म्हणजे एक्स्पोर्टचा अधिकार, हे दोन वेगळे ठेवायला हवेत. सांगायला सोपं, पण डेटाबेस इथे पुरेशी मदत करत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत सर्व्हरवर फाइल लिहायला 'फाइल' नावाचा खास अधिकार लागतो खरा. पण ज्याला तक्ता वाचता येतो, तो त्याची नक्कल आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतोच. पोस्टग्रेसमध्येही तेच. त्यामुळे कुलूप लावावं लागतं वरच्या सॉफ्टवेअरमध्ये. सेल्सफोर्ससारख्या प्रणालीत रिपोर्ट पाहण्याची परवानगी निराळी आणि तो एक्स्पोर्ट करण्याची निराळी असते. कारकुनाला थेट डेटाबेसचा पासवर्ड देऊन ठेवला असेल, तर मात्र वरचं कुलूप नुसतं शोभेचं.

शिवाय कोणी काय पाहायचं याचे सगळे नियम डेटाबेस आणि त्यावरच्या सॉफ्टवेअरच्या आतच राहतात. नोंदी एक्सेलमध्ये उतरल्या की फाइल ज्याच्या हाती, त्याला सगळं दिसतं. ऑगस्ट २०२३मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. तिच्यात एक लपवलेलं पान राहून गेलं होतं आणि त्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांचे तपशील होते. फाइल इंटरनेटवर गेली. पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

नोंदी आत घेणं, म्हणजे इम्पोर्ट, हे तर कोणाच्या खिजगणतीतही नसतं. खरं म्हणजे तिथे जास्त सावध राहायला हवं. आत येणारी फाइल जुन्या नोंदींवर नव्या लिहू शकते. वापरकर्त्याच्या भूमिकेचा रकाना तिच्यात असेल आणि सॉफ्टवेअर तो तपासत नसेल, तर साध्या कारकुनाचा अॅडमिन होऊ शकतो. ऑरेकलमध्ये अख्खा डेटाबेस आत घेण्यासाठी स्वतंत्र अधिकार ठेवलाय तो उगाच नाही.

ही फक्त कंपन्यांची कटकट, असं मीरा-भाईंदरकरांना म्हणता येणार नाही. इथल्या सोसायट्यांत सभासदांची यादी पूर्वी 'जे' नमुन्यात, कपाटातल्या वहीत असे. आता पुष्कळ ठिकाणी ती अॅपमध्येही असते, आणि तिच्यासोबत फोन नंबर, भाडेकरू, गाड्यांचे क्रमांकही. संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून त्यातली माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये बसतं. लबाडीच्या हेतूनं केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. पण कायद्याआधी सोसायटीनं अॅपच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्टचं बटण कोणाकोणाला दिसतं, ते पाहावं. नवी समिती आली की बँकेतल्या सह्या बदलतात. अॅडमिनचं खातं मात्र कित्येकदा जुन्या सेक्रेटरीच्याच मोबाइल नंबरावर चालू राहतं.