गुरुजींचा पगार आणि पोरांचं इंग्रजी



महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याच साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या नव्या गुरुजींना तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधन. आमच्या गिरणीतल्या बदली कामगाराचीच गत! जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. त्यात भाईंदरला खोलीभाडं भरायचं की घर चालवायचं? ज्याला फाडफाड इंग्रजी येतं तो कॉल सेंटर गाठतो. जो शाळेत राहतो तो संध्याकाळी शिकवण्या घेतो. मग वह्या तपासणार कधी?

विनाअनुदानित इंग्रजी शाळांचं काय? खाजगी शाळांना १९७७ च्या कायद्याने वेतनश्रेणी ठरवून दिली आहे. हातात किती पडतं, ते बाईंनाच विचारा. फी वाढली की आपण भांडतो, रास्तच आहे. पण पालकसभेत हेही विचारा : यातले शिक्षकांना किती देता?