आम्ही सिस्टरची नोकरी का सोडली

या वेळेला कुणी भाकऱ्या थापत असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. हात चालू राहू देत, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही तिघी मिळून हे बोलणं तयार केलंय. तिघी एकाच तालुक्यातल्या. एकीनं एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स केला, दोघींनी जीएनएमचा तीन वर्षांचा. एक तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात होती, दुसरी शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये, तिसरी सरकारी रुग्णालयात कंत्राटावर. तिघींची नोकरी मिळून सव्वीस वर्षांची. गेल्या तीन वर्षांत एकीमागून एक आम्ही तिघींनी ती सोडली.

तेव्हापासून हळदीकुंकवाला जा, दळणाला जा, एकच प्रश्न. "सोन्यासारखी नोकरी, का गं सोडलीस?" कुणी म्हणालं, काम झेपलं नसेल. कुणी म्हणालं, नवऱ्याचा पगार वाढला असेल. एका आजींनी तर तोंडावर विचारलं, "काढून टाकलं का काय?" प्रत्येकीला दारात उभं राहून उत्तर देणं जमत नाही, म्हणून आज सगळ्यांना मिळून सांगतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नर्सिंगवर आमचा राग नाही. महाराष्ट्रात बायकांना उंबऱ्याबाहेर काढून स्वतःच्या पायावर उभं करणारी जी मोजकी कामं होती, त्यातलं हे एक. शंभर वर्षांपूर्वी पुण्याला रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं बायकांना, त्यात विधवांनाही, हे शिक्षण मिळवून दिलं. आमच्याही घरी या नोकरीनंच पहिला फ्रिज आला, धाकट्या भावाची फी भरली गेली. आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी दुभती म्हैस विकून तिच्या कोर्सचे पैसे भरले होते. अशी नोकरी कुणी कंटाळा आला म्हणून सोडत नाही.

मग झालं काय? कामाचा हिशोब बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक असा सांगितला जातो की साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स असावी आणि आयसीयूत एका पेशंटमागे एक. आमच्यातली एक रात्रपाळीला अठ्ठावीस पेशंटना एकटी असायची. संध्याकाळी आठला ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून सगळ्या पेशंटची माहिती घ्यायची. मग इंजेक्शनं, सलाईन, ताप-नाडी-बीपीची नोंद, औषधांचं रजिस्टर, मध्येच एखादी बाळंतीण, मध्येच अपघाताची केस. सकाळी आठला सुटका. पण दिवसपाळीची सिस्टर आली नाही तर तिथेच पुढे दुपारपर्यंत.

पाणी कमी प्यायचं, कारण लघवीला जायला वेळ नसायचा. त्यानं लघवीच्या जागी जळजळ सुरू झाली. पाळी पुढेमागे व्हायला लागली. पायाच्या शिरा फुगल्या. रात्री जागायचं आणि दिवसा घरी आल्यावर धुणं, भांडी, मुलाचा अभ्यास. "दिवसभर घरीच तर असतेस," असं म्हणणारेही होते.

पगार? 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि 200 पेक्षा जास्त खाटा असतील तिथे सरकारी नर्सइतका पगार द्यावा. ही शिफारस कागदावर छान आहे. आमच्या खासगी दवाखान्यातल्या मैत्रिणीला नोकरी सोडताना साडेनऊ हजार मिळत होते.

तुम्ही म्हणाल, कष्ट कुणाला चुकलेत? खरंय. उसाच्या फडात आणि कांद्याच्या काढणीत कष्ट कमी नाहीत. कष्टानं माणूस दमतं आणि झोपलं की उठतं. आमचं झोपूनही उठणं होईना.

त्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचा अर्थ नीट लिहून ठेवला. हा आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाच्या जागचा ताण वर्षानुवर्षं चालू राहिला आणि त्यावर काही उपाय झाला नाही की माणसाची जी अवस्था होते, ती ही. तिच्या तीन खुणा सांगितल्यात. पहिली, अंगातलं आणि मनातलं बळ संपून जाणं. दुसरी, कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कडवट वाटणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं.

विहिरीचं उदाहरण घ्या. उपसा जास्त झाला आणि झरा तेवढा भरेना, की मोटार चालू असूनही पाणी येत नाही. मोटारीला दोष देऊन काय उपयोग?

आमचं मन कसं तुटलं ते सांगतो, कारण हे बोलायची लाज वाटते आणि म्हणूनच कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी वॉर्डात कुणी गेलं की आम्ही बाथरूममध्ये जाऊन रडायचो. पुढे पुढे नुसतं रजिस्टर भरायचो. आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं की समोर एक आई हंबरडा फोडतेय आणि आपण मनात घड्याळ बघतोय. ती सांगते, "त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली." घरी तिचा मुलगा तापानं फणफणला, तेव्हाही तिला कुशीत घेण्याआधी थर्मामीटरच सुचला.

करोनाच्या साथीत, 2020 च्या मार्चमध्ये, लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. पुढे हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलंही टाकली गेली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आमच्या जागेवर दुसरी सिस्टर नेमली गेली नाही, आठवड्याची सुट्टी मिळाली नाही, आणि कंत्राटावरच्या मैत्रिणीचा करार दर अकरा महिन्यांनी पुन्हा नव्यानं लिहिला जायचा तो तसाच राहिला. "तुम्ही देवी आहात," असं म्हणणारे नातेवाईक बिल हातात पडलं की अंगावर धावून यायचे. आपल्या राज्यात 2010 पासून कायदा आहे. डॉक्टर-नर्सवर हात उगारला तर शिक्षा होते. पण रात्री दोन वाजता वॉर्डात एकटी असताना कायदा जवळ उभा नसतो.

आपण बायका दुखणं अंगावर काढतो. आम्ही नोकरी अंगावर काढली. "सेवा आहे, करायची" हा शब्द आमच्या गळ्यात लहानपणापासून बांधलेला. सेवा मोठीच आहे. पण सेवा करणारीला जेवण, झोप आणि रजा लागते, हे सांगताना आम्ही अपराध्यासारख्या का उभ्या राहायचो, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आता निर्णय कसा घेतला ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या लेकीवर, सुनेवर ही वेळ आली असेल. नोकरी नर्सचीच असेल असंही नाही. अंगणवाडीताई असेल, आशाताई असेल, कारखान्यातली असेल.

पहिली गोष्ट, आम्ही रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड असलं तरी असाच थकवा येतो. एकीचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या घेतल्या, अंगात थोडी ताकद आली, पण पहाटे ड्यूटीचा गजर वाजला की पोटात गोळा यायचा तो गेला नाही. तेव्हा कळलं की दुखणं नुसतं रक्ताचं नाही.

दुसरी गोष्ट, मागून बघितलं. लेखी अर्ज दिले. महिन्यात सलग रात्रपाळ्या कमी करा, आठवड्याची सुट्टी द्या, वॉर्ड बदलून द्या. अर्जाची प्रत जवळ ठेवली. एकीला तीन महिने दिवसपाळी मिळाली, पुन्हा जैसे थे. दोघींना उत्तरही आलं नाही. पण मागितल्याशिवाय सोडली नाही, याचं समाधान आहे.

तिसरी गोष्ट, वही घेऊन बसलो. बचत गटानं ही सवय लावलेली. घरखर्च किती, कर्जाचा हप्ता किती, आपला पगार थांबला तर किती महिने निघतील. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थांबायचं, असं ठरवलं. एकीला त्यासाठी आठ महिने लागले. ते महिने सर्वांत जड गेले, पण शेवट दिसत होता म्हणून निघाले.

चौथी गोष्ट, घरी सांगितलं. हे सगळ्यात अवघड. एकीच्या सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. म्हैस विकणाऱ्या वडिलांपुढे दुसरीच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी आईनंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हैस तुझ्यासाठी विकली होती, नोकरीसाठी नाही." एवढंच. त्या एका वाक्यावर ती किती दिवस तरली, ते तिचं तिला माहीत.

पाचवी गोष्ट कागदांची, ती नीट ऐका. रागाच्या भरात उद्यापासून येत नाही असं म्हणून घरी बसू नका. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, नोटिशीचे दिवस पूर्ण करा. अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र मागून घ्या. मूळ प्रमाणपत्रं दवाखान्यात अडकली असतील तर आधी ती सोडवा, आणि पुढे कुठेही मूळ कागद ठेवूच नका, झेरॉक्स द्या. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबर लिहून ठेवा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, तो विचारा. आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, मुदतीत नूतनीकरण करा. दार ओढून घ्यावं, कुलूप लावून किल्ली फेकू नये.

सोडल्यावर सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पहिले पंधरा दिवस आम्ही नुसत्या झोपलो. मग पोकळी जाणवली. स्वतःच्या कमाईचे पैसे हातात नसले की साडी घेतानाही विचारावं लागतं. "सिस्टर" म्हणून हाक यायची बंद झाली, तेही टोचलं. गावात अजून कुणी सलाईनची बाटली घेऊन दारात येतं, "ताई, लावून दे." डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ते करता येत नाही, हे समजावताना वाईटपणा येतो. बीपी मात्र आम्ही मोजून देतो.

आज एक शेवया आणि पापडाच्या गटात आहे. मिळकत पूर्वीच्या अर्धी, झोप पूर्ण. दुसरी वर्षभरानं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुन्हा रुजू झाली, सकाळी नऊ ते दुपारी दोन, रात्रपाळी नाही. तिला पेशंटशी बोलावंसं वाटतं, पुन्हा. तिसरी घरची शेती बघते आणि पुढचं अजून ठरवते आहे. तिघींचे रस्ते तीन, आणि तिन्ही बरोबर आहेत असं आम्ही मानतो.

तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. लेकीला नर्सिंगला घालू नका, असं आम्ही म्हणत नाही. जरूर घाला. पण नोकरी धरताना पगाराबरोबर हेही विचारा: एका सिस्टरकडे पेशंट किती, महिन्यात रात्रपाळ्या किती, आठवड्याची सुट्टी मिळते का, रात्री जायला-यायला गाडी आहे का. हे चार प्रश्न स्थळ बघताना विचारतो तितक्याच नेटानं विचारावेत.

लेक किंवा सून रात्रपाळी करून आली की तिला झोपू द्या. खोलीचं दार लोटा, पोराला शेजारी पाठवा. ती चिडचिडी झाली, गप्प झाली, जेवेनाशी झाली, तर "नखरे" म्हणू नका, जवळ बसा. आणि ती "जगण्यात राम उरला नाही" असं काही बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. 14416. गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

आणि दवाखान्यात गेलात, सिस्टर यायला उशीर झाला, तर ओरडण्याआधी एकदा वॉर्डातल्या खाटा मोजा आणि सिस्टर किती आहेत ते मोजा. मग ती वाढवून द्या म्हणून ओरडायचं ते ग्रामसभेत आणि रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन ओरडा. तिथे आम्हीही तुमच्याबरोबर येऊ.