विरजणाच्या घरातले अस्त्र



पाकिटावर बारीक अक्षरांत ‘ई २३४’ दिसले की कपाळाला आठ्या पडतात. कसले तरी रसायन घातले असणार! ते असते निसिन. ३४ अमिनो आम्लांची ही इवलीशी प्रथिन-साखळी लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूचे काही वाण तयार करतात. हा जिवाणू आपल्या दह्याताकातला जुना रहिवासी आहे.

निसिनची ओळख पटली ती एका तक्रारीतून. न्यूझीलंडच्या चीज कारखान्यांत विरजण लावले तरी दूध वेळेत आंबेना. १९३३ साली संशोधक व्हाइटहेड यांनी दाखवले, की दुधात आधीच शिरलेले काही जिवाणू प्रथिनासारखा पदार्थ सोडून विरजणाची वाढ रोखतात. पुढे इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्याचा पाठपुरावा केला. औषध म्हणून मात्र निसिन टिकेना. रक्ताच्या आम्ल-अल्कतेला ते नीट विरघळत नाही आणि पोटात गेले तर आतड्यातले पाचकरस त्याचे तुकडे करतात. औषधाला नडणारा हाच गुण अन्नासाठी मोलाचा ठरला, कारण आपले काम उरकल्यावर ते इतर प्रथिनांसारखेच पचून जाते.

चीजवाल्यांचा खरा वैरी क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू. मुरघासातून त्याचे बीजाणू दुधात येतात आणि पाश्चरीकरणातूनही जिवंत सुटतात. मुरायला ठेवलेले चीजचे चाक काही आठवड्यांनी आतून वायू धरून फुगते, तडकते. कापले तर ब्युटिरिक आम्लाचा उग्र दर्प. १९५१ साली हर्श आणि सहकाऱ्यांनी यावर निसिन वापरून पाहिले. पण ते विरजणालाही मारक. म्हणून त्याची खरी जागा ठरली प्रोसेस्ड चीज. तिथे चीज वितळवून पुन्हा घडवतात, विरजणाची गरज संपलेली असते, बीजाणूंची भीती मात्र उरलेली असते.

निसिनच्या कामाची रीत मला फार विलक्षण वाटते. जिवाणूला आपली भिंत बांधायला लिपिड-२ नावाचा रेणू लागतो. निसिन नेमका तोच पकडून ठेवते, बांधकाम थांबवते आणि त्याच्याच आधाराने पेशीच्या पटलाला भोक पाडते. आतले क्षार बाहेर गळतात, पेशी मरते. निसिन बनवणाऱ्या जिवाणूकडे स्वतःच्या बचावाचे वेगळे प्रथिन असते, शिवाय पटलात घुसलेले निसिन बाहेर फेकणारा पंपही.

१९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने अन्नात वापरण्यासाठी निसिनला मान्यता दिली. अमेरिकेने १९८८ साली.

आता एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ई. कोलाय, साल्मोनेला या जिवाणूंना पेशीबाहेर आणखी एक आवरण असते. तिथे निसिन एकटे पोचत नाही. तेव्हा निसिन घातले म्हणून गोठ्याची स्वच्छता, दूध लगेच थंड करणे आणि पाश्चरीकरण यांत कुणालाही सवलत मिळता कामा नये.