पावागडाच्या चार ऋतूंतील वाटा
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, याबद्दल त्यांचा ऋणी आहे. मी पावागड निवडला. बडोद्याच्या मराठी घरांत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, आणि तोही एकाच रीतीने: बसने किंवा जीपने माचीपर्यंत, तेथून रोपवेने वर, कालिकामातेचे दर्शन आणि दिवेलागणीला घर. त्या दर्शनात उणे काहीच नाही. परंतु या डोंगराचे आपल्या शहराशी असलेले नाते त्या फेरीत दृष्टीस पडत नाही. ते पाहण्यासाठी पायी जावे लागते, आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा जावे लागते.

बडोद्याच्या ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर, पंचमहालच्या सपाटीतून हा डोंगर एकटाच वर येतो. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच. खालचे थर सह्याद्रीसारखेच बेसाल्टचे आहेत. माथ्याकडे मात्र रायोलाइट नावाचा वेगळ्या जातीचा ज्वालामुखी खडक आहे, जो दख्खनच्या पठारावर क्वचित आढळतो. उभे कडे आणि त्यांच्यामधली पठारे अशी या डोंगराची रचना आहे. माची हे त्यांतलेच एक पठार.

पहिली फेरी हिवाळ्यात करावी, आणि ती चांपानेरपासून, अगदी पायथ्यापासून करावी. जामी मशिदीचे कोरीव काम पाहून निघाले की जुनी वाट अटक दरवाजा, बुढिया दरवाजा अशी एकेक तटबंदी ओलांडत चढू लागते. 1484 साली महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर हा गड खीची चौहानांकडून घेतला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायूनने ती जिंकली आणि पुढे ते नगर ओस पडले. अठराव्या शतकात गड शिंद्यांच्या ताब्यात होता. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात तो इंग्रजांनी घेतला आणि तहानंतर परत केला. 2004 पासून चांपानेर-पावागड जागतिक वारसा यादीत आहे. हा सारा इतिहास दरवाजांच्या क्रमाने पायांखालून जातो. पुढे सातकमान आणि कड्याच्या काठावरचा खापरा झवेरीचा महाल लागतो. महालापाशी थोडे थांबावे. समोरच्या खोल दरीतून जी घळ उतरते, ती विश्वामित्रीची. थंडीतल्या स्वच्छ हवेत तिची वाट नजरेने बरीच दूरपर्यंत धरता येते. रमतगमत माथा गाठण्यास चार तास धरावेत, आणि उतरताना हवी तर रोपवेची मदत घ्यावी.

दुसरी फेरी फाल्गुनात, पळस फुललेला असताना. या दिवसांत उजाडण्यापूर्वी निघून नऊच्या आत माची गाठावी. नंतर दगड तापतो आणि झाडांना पाने नसल्यामुळे सावली मिळत नाही. या फेरीत पाण्याकडे लक्ष द्यावे. गडावर बारमाही झरा नसेल तर शिबंदी कशी जगणार, या प्रश्नाचे उत्तर दुधिया, छासिया, तेलिया या तलावांत आहे. पावसाचे पाणी वरच अडवायचे, प्रत्येक पठारावर साठवायचे आणि उरलेले खाली नगरातल्या विहिरींना व वडा तलावाला मिळू द्यायचे, ही त्यामागची दृष्टी. कोणत्या तलावात किती पाणी उरले आहे, हे मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगावे.

तिसरी फेरी पावसाळ्यात. ही सर्वांत सुंदर आणि सर्वांत जोखमीची. उत्तरेच्या अंगाला खुनिया महादेवाचा धबधबा फक्त याच दिवसांत जिवंत होतो. तेथली वाट ओढ्यातून जाते, दगडांवर शेवाळ असते आणि वर माथ्यावर झालेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही. पाणी गढूळ होऊ लागले की ओढा ओलांडू नये, आलो त्याच काठाने मागे फिरावे. लहान मुले बरोबर असतील तर धबधब्याचा हट्ट सोडून माचीपर्यंतच्या वाटेवर समाधान मानावे. तेथेही उतारावरून पाणी किती वेगाने धावते, हे पुरेसे दिसते. जेथे झाडी दाट आहे तेथे ते मुरते. जेथे उतार उघडा पडला आहे तेथे मातीसह खाली जाते.

चौथी फेरी आश्विनातली नवरात्र उलटल्यावर. कमरेएवढे गवत पिवळे पडू लागलेले असते, हवा धुतल्यासारखी असते. भद्रकालीच्या पठाराकडे जाणारी वाट या दिवसांत निवांत असते. नवरात्रात लाखो पावले येऊन गेलेली असतात, आणि पायऱ्यांच्या कडेला पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, चुनरीच्या पिशव्या राहिलेल्या असतात. पुढच्या पावसात त्या कोठे जाणार, हे हिवाळ्यात महालाजवळून पाहिलेली घळ आठवली की सांगावे लागत नाही.

मित्रहो, ती घळ आपल्या दारात येते. पावागडावर उगम पावणारी विश्वामित्री बडोद्याच्या मध्यातून वाहत पुढे ढाढर नदीला मिळते. सयाजीराव महाराजांनी शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधविलेले आजवा सरोवर याच खोऱ्यात आहे, आणि ते भरले की त्याचे पाणी नदीतच सोडले जाते. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरांत पाणी शिरले, मगरी रस्त्यांवर आल्या. त्या दिवसांत माझ्या नातीने विचारले, ‘आजोबा, एवढे पाणी आले कोठून?’ पूर येण्याची कारणे अनेक आहेत. नदीकाठचे भराव आणि बुजलेल्या काशी हीही त्यांत आहेत. पण त्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ डोंगरावर होतो, आणि तो मी तिला नकाशावर न दाखवता पुढच्या श्रावणात माचीच्या वाटेवर दाखवला.

आपल्या मुलांना विश्वामित्री ठाऊक आहे ती पुलावरून येणारी दुर्गंधी आणि पुराची धास्ती म्हणून. जी नदी उगमापाशी पाहिली नाही, तिच्यासाठी कोणी कधी भांडत नाही. म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एका वर्षात या चारही फेऱ्या घडवाव्यात. प्रत्येकाने एकच वही ठेवावी. तलावांतील पाणी, ओढ्याचा रंग, फुललेली झाडे, दिसलेला कचरा यांची नोंद मराठीत करावी. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी मुलांसोबत चालावे. इतरांनी चांपानेरला डबे घेऊन थांबावे. वर्षाअखेरीस त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात आणि पुढच्या तुकडीने तेथून पुढे लिहावे. दहा वर्षांत आपल्या नदीच्या उगमाची एक साधी, विश्वासार्ह नोंद आपल्या भाषेत तयार होईल.

पहिल्या फेरीसाठी मार्गशीर्षातला एखादा रविवार मुख्याध्यापकांनी ठरवावा. मी येण्यास तयार आहे.