गिअरबॉक्स कोणाच्या हाती द्यावा?

(जमशेदपूर येथील गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, मधुमेह, गुंतवणूक असे विषय होत आले आहेत. यंदा ट्रकच्या गिअरबॉक्सवर बोला, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण विचार केला, या गावात हा विषय परका कसा म्हणायचा? १९४५ साली इथे टेल्को उभी राहिली, १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार होऊन ट्रक बनू लागले आणि आपल्यातली कितीतरी घरे त्याच भोंग्यावर उठली-बसली. माझी स्वतःची नोकरी गिअरबॉक्सच्या जुळणीतच गेली. आता कर्ज काढून जुना ट्रक घेणारी मुले आपल्या वस्तीतही दिसू लागली आहेत, आणि त्यांचा मला ठरलेला प्रश्न असतो, "काका, गिअरबॉक्स काम मागतोय. कुठे देऊ?"

प्रश्न पैशांचा आहेच. ट्रक उभा राहिला तरी हप्ता उभा राहत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट घाटातली आहे. रांचीच्या वाटेवर तैमारा घाटी लागते, पुढे रामगढकडे उतरताना चुटूपालू घाटी. भरलेला ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो तेव्हा त्याला इंजिनही मागे ओढून धरत असते. अशा वेळी गिअर आपोआप निसटला तर इंजिनाची ती पकड एका क्षणात जाते. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात. वेग वाढल्यावर तो गिअर पुन्हा पडत नाही. म्हणून "गिअर कधी कधी सुटतो, हात धरून चालवतो" असे कोणी सांगितले की मला धास्ती वाटते. त्यात लिव्हरवर हात ठेवून चालवले की आतला फोर्क स्लीव्हवर सतत घासत राहतो आणि दुखणे वाढतच जाते.

आपल्यातल्याच एका मुलाने जुना १६१३ घेतला. तिसरा गिअर उतारावर सुटायचा आणि टाकताना खरखरायचा. त्याच्याबरोबर मी दोन गॅरेजांत गेलो. पहिल्या ठिकाणी मालकाने खुर्चीतूनच ऐकून घेतले. "पूरा बॉक्स बनेगा," म्हणाला, एक गोळा रक्कम सांगितली आणि पोरांना जॅक लावायला हाकही मारली. गाडीत कोणी बसले नाही, तेल कोणी पाहिले नाही. माणूस गोड बोलत होता, चहाही पाजला. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरे गॅरेज आदित्यपूरला, टाटा-कांड्रा रस्त्याच्या आत. पत्र्याची शेड, पण जमीन झाडलेली. तिथल्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न केला, "गाड़ी कौन चलाता है?" मग दुसरा, गिअर अॅक्सिलरेटर दाबल्यावर सुटतो की सोडल्यावर? तिसरा, आधीच्या मालकाने गाडी कधी टोचन करून आणली होती का? या तिसऱ्या प्रश्नावर मी मनातून त्यांना निम्मे गुण देऊन टाकले. इंजिन बंद ठेवून, प्रॉपेलर शाफ्ट न सोडता गाडी ओढली तर चाकांबरोबर मेन शाफ्ट फिरतो, पण ले शाफ्ट थांबलेला असतो. तेल वर उडवण्याचे काम ले शाफ्टचे गिअर करतात. तेव्हा मेन शाफ्टवरची बेअरिंग कोरडी फिरून जळतात. हे ज्याला ठाऊक आहे, त्याने जळलेले बॉक्स उघडून पाहिलेले असतात.

मग ते केबिनमध्ये चढले. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि दाबला की थांबते, असे असेल तर संशय पुढच्या शाफ्टच्या किंवा ले शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यायचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर तो बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लचचा. नंतर त्यांनी क्लच दाबून थोडे थांबून रिव्हर्स टाकून पाहिला. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजायचे. असा क्लच असताना गिअरबॉक्स कितीही नवा केला तरी खरखर राहणार, आणि नव्या सिंक्रो रिंगाही लवकर झिजणार. गिअर बदलण्याच्या रॉडचे बुश आणि बॉक्सची माउंटिंगही त्यांनी हलवून पाहिली. एवढे झाल्यावर म्हणाले, "क्लच ठीक है. अब तेल निकालते हैं."

मंडळी, माझ्या मते गॅरेजची परीक्षा इथेच होते. बॉक्स बंद झाल्यावर आत काय घातले ते तुम्हाला-मला दिसत नाही. पाहायचे ते उघडण्याआधी, आणि उघडा असताना. गिअरबॉक्सचा मिस्त्री बॉक्स उघडायला जितका नाखूष, तितका मला तो भरवशाचा वाटतो. डॉक्टरांबद्दलही माझे हेच मत आहे, पण ते इथे समोर बसले आहेत.

तेल काढल्यावर ड्रेन प्लगचे लोहचुंबक पाहतात. त्यावर करड्या रंगाची बारीक लापशी असेल तर घाबरू नये, तेवढी झीज होतच असते. लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र उघडावेच लागते. तेलात पिवळी चमक असेल तर पितळी सिंक्रो रिंगा झिजताहेत. या गाडीत चमकही होती आणि दोन कणही. बॉक्स आमच्यासमोर उघडला गेला. मिस्त्रींनी रिंग कोनवर दाबून फिलर गेजने फट मोजली, शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजने पाहिली आणि आकडे खडूने फळ्यावर लिहिले. तिसऱ्या गिअरचे बारीक दात, ज्यांवर स्लीव्ह चढते, ते टोकाला गोल झाले होते. बोट फिरवले की कळत होते. फोर्कही झिजला होता आणि मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगला खेळ आला होता. बाकी गिअर चांगले होते. ते बदलण्याची गोष्टही त्यांनी काढली नाही.

मुलाने विचारले, तिसरा गिअर एकटाच बदलला तर चालेल ना? मिस्त्री म्हणाले, जोडी बदला. खरे आहे. एकमेकांत बसून घासलेल्या दातांत एक नवा आणि एक जुना घातला तर तो आवाज करतो आणि दोघेही लवकर जातात. इथे काटकसर महागात पडते.

सुट्या भागांत फसवणूक सर्वात जास्त, विशेषतः बेअरिंगमध्ये. डब्बा हुबेहूब, आत डुप्लिकेट. भाग शक्यतो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून आपण स्वतः आणावेत, बिल स्वतःच्या नावाचे घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूंचा खरेदीदार ग्राहकच धरला आहे. बिल नसेल तर तो हक्क सांगणार कशाच्या जोरावर? आणि काढलेले जुने भाग गोणीत भरून घरी आणावेत. देण्याचे ज्याच्या जिवावर येते, त्याने ते बदललेच नसण्याचा संभव असतो.

तेलाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण चांगले गॅरेजही इथे घाई करते. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ हे मागच्या अॅक्सलच्या गिअरसाठी उत्तम. पण त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये तापल्यावर पितळी रिंगांना खाऊ शकतात. आकडा मोठा म्हणून तेल भारी, असे नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच घालावे.

पैशांचे आधी ठरवावे. थोडे आगाऊ, थोडे बॉक्स चढल्यावर, आणि शेवटचा हिस्सा भरलेल्या गाडीच्या एका फेरीनंतर. रिकामी गाडी गॅरेजच्या गल्लीत फिरवली तर कुठलाही गिअर सुटत नाही. तो सुटतो भार असताना, उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर. या अटीला आदित्यपूरच्या मिस्त्रींनी लगेच मान डोलावली. उलट म्हणाले, पहिल्या फेरीनंतर आणा, तेल मी पुन्हा पाहणार आहे. मुलगा माल भरून रांचीला गेला आणि तैमारा उतरून परत आला. मधल्या वेळात त्याच्या आईने किती वेळा फोन केला, ते तिलाच विचारा, ती इथे आहे.

सगळेच काम अशा शेडमध्ये होईल असे मात्र नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स खूप वाढले. काही ट्रकना क्लचचे पेडलच नसते, गिअर संगणकाच्या हुकमाने पडतो. तिथे कंपनीची निदान-यंत्रणा असलेल्या अधिकृत कार्यशाळेतच जावे. जुन्या गाडीचा खोकाच तडकला असेल तर कंपनीने दुरुस्त केलेला बॉक्स बदलून मिळतो का, तेही विचारावे. कबाडीतला बॉक्स मात्र पाठीवर घेऊ नये. तो कुठल्या अपघातातून आला आहे, कोण सांगणार?

आणि गॅरेज शोधायला मुहूर्त हवा असेल तर तोही आपल्या गावात आहे. गणपतीच्या आसपासच १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा येते. त्या दिवशी काम बंद, पण दारे उघडी असतात आणि हत्यारे धुऊन-पुसून पूजेला मांडलेली असतात. पाच-सहा ठिकाणी प्रसादाला जाऊन या. पुलर, प्रेस, फिलर गेज, डायल गेज, टॉर्क पाना यांतले काय काय मांडले आहे आणि कुठे नुसती छिन्नी आणि हातोडा आहे, ते पाहून घ्या. बुंदी सगळीकडे मिळते.