हर्लेच्या काचा

आयमॅक्सचा पडदा म्हणजे एखाद्या चार-पांच मजली घराची भिंतच. त्यावर जॉर्ज बटलर यांचा २००१ सालचा ‘शॅकल्टन्स अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर’ हा बोधपट पाहतांना गारठा अंगास झोंबतो असें वाटतें. तरी मला आज बोलावयाचें आहे तें त्यांत मधूनमधून येणाऱ्या जुन्या, रंगहीन चित्रांविषयीं.

अर्नेस्ट शॅकल्टन १९१४ सालीं दक्षिण ध्रुवखंड पायीं ओलांडण्यास निघाले. जानेवारी १९१५ मध्यें त्यांचें ‘एंड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रांत बर्फानें कोंडलें. ऑक्टोबरांत तें सोडावें लागलें. बरोबर फ्रँक हर्ले नांवाचा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता. हा गृहस्थ मोडक्या जहाजांतील गोठत्या पाण्यांत उतरला आणि आपल्या काचांचे डबे वर घेऊन आला! परंतु पुढें बर्फावरून होड्या ओढावयाच्या. ओझें किती न्यावें? शॅकल्टन व हर्ले बर्फावर बसून निवड करूं लागले. सुमारे १२० काचा ठेविल्या. सुमारे ४०० तेथेंच फोडून टाकिल्या. फोडावयाच्या कां? तर मागाहून मन फिरूं नये म्हणून. त्यानंतर हर्लेपाशीं उरला एक खिशांतला कॅमेरा आणि फिल्मचीं तीन रिळें.

एप्रिल-मे १९१६ मध्यें सहाजण ‘जेम्स केर्ड’ या साडेबावीस फुटी होडींतून सुमारे ८०० सागरी मैल कापून साउथ जॉर्जिया बेटास लागले. हर्ले मागें एलिफंट बेटावरच राहिला होता. म्हणून या सफरीचें चित्र नाहीं. बोधपटांत तशीच नवी होडी बांधून लाटांवर सोडली आहे. शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन यांनीं ३६ तासांत ओलांडलेले डोंगर मेस्नर, व्हेनेबल्स व अँकर हे नामांकित गिर्यारोहक पुन्हां ओलांडतात. दृश्य डोळे दिपविणारें खरें. पण त्या तिघांच्या बुटांना होडीचे स्क्रू ठोकलेले होते, आणि हातीं पन्नास फूट दोर व सुताराचा वाकस! माझें मन हर्लेच्या स्तब्ध चित्रांवर अधिक विश्वासतें.

या मोहिमेंत एकही माणूस दगावला नाहीं असें सांगण्याचा प्रघात आहे. ‘एंड्युरन्स’वरील अठ्ठावीसहीजण वांचले, हें खरें. परंतु पलीकडून, रॉस समुद्राच्या बाजूनें, त्यांच्यासाठीं वाटेवर अन्नाचे सांठे ठेवणाऱ्या तुकडींतील तीनजण मेले. आणि ज्यांच्यासाठीं ठेविले, ते त्या वाटेनें कधीं आलेच नाहींत.

मार्च २०२२ मध्यें ‘एंड्युरन्स’ सुमारे ३००० मीटर खोलीवर सांपडलें. मागील बाजूस नांवाचीं अक्षरें अजून स्पष्ट वाचतां येतात.