व्यायामाची मात्रा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी प्रथम अभिवादन करतो. मराठीच्या प्राध्यापकाने व्यायामावर बोलावे याचे कुणास नवल वाटेल. पण माझा विषय एका शब्दापाशीच सुरू होतो. तो शब्द ‘मात्रा’. वैद्याने उगाळून दिलेली मात्रा आणि कवितेच्या चरणात मोजावयाची मात्रा, दोहोंत प्रमाणाचा अर्थ आहे. रुग्णाच्या व्यायामाचे सारे मर्म या प्रमाणात साठवले आहे.

उज्जैन हे आखाड्यांचे नगर. शिंद्यांच्या अमदानीपासून येथे स्थिरावलेल्या मराठी मंडळींना तालीम आणि मल्लखांब परके नाहीत. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. परंतु ही परंपरा मुख्यतः बलवंतांसाठी घडली. दम्याचा मुलगा किंवा मधुमेही मुलगी यांना आपण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कवायतीतून सूट देतो आणि मैदानाच्या कडेला बसवतो. हेतू दयेचा असतो, पण ज्याला व्यायामाची गरज अधिक तोच त्याला मुकतो.

प्राचीन वैद्यांनी हा विचार अधिक बारकाईने केला होता. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेही रुग्णाला दूरवर पायी चालण्याचा उपचार सांगितला आहे. त्याच ग्रंथात काही रोग्यांना व्यायाम वर्ज्य ठरवला असून इतरांनीही तो अर्ध्या शक्तीनेच करावा, असे बजावले आहे. अर्धी शक्ती खर्ची पडल्याची खूण म्हणजे श्वास तोंडावाटे येऊ लागणे. आजचे तज्ज्ञ मध्यम व्यायामाची खूण सांगतात ती अशी, की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. इतक्या शतकांनंतरही मापाचे साधन श्वासच राहिले आहे. श्वासविकार मात्र सुश्रुताच्या वर्ज्य यादीत होता. आज दमेकऱ्यालाही बेताचा व्यायाम हितकर मानतात.

हा विचार प्रयोगशाळेत नेण्याचे मोठे श्रेय स्वामी कुवलयानंदांचे. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे हे बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले आणि यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरण व रक्तदाबमापक यांनी तपासले. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ १९६३ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयातर्फे प्रसिद्ध झाला. पुढे १९७५ साली पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था उभी राहिली. दोर, पट्टे, खुर्ची आणि लाकडी विटा यांच्या आधाराने त्यांनी आसन रुग्णाच्या शरीराला जुळवून दिले. ज्याला वाकता येत नाही, त्यालाही त्यामुळे आसनाचा लाभ मिळू लागला.

पाश्चात्त्य वैद्यकही याच वाटेने आले. १९५३ साली मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत मधुमेह व रक्तदाब यांसारखे जुनाट आजार असलेल्या प्रौढांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. ज्यांना तेवढी झेपत नाही त्यांनी शक्तीनुसार करावी.

मात्र हे औषध आहे, म्हणून पथ्यही आहे. श्रम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्यामुळे एकाएकी उतरू शकते. त्याच्या खिशात ग्लुकोज असावे. रक्तदाबाच्या रुग्णाने वजन उचलताना श्वास कोंडू नये. दमेकऱ्याने हळूहळू सुरुवात करावी आणि इनहेलर हाताशी ठेवावे. छातीत दुखले, भोवळ आली, तर तत्क्षणी थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

तेव्हा शाळेला माझी एक विनंती आहे. यापुढे सुटीच्या चिठ्ठीऐवजी मात्रेची चिठ्ठी मागावी. मुलाने काय करावे, किती वेळ करावे आणि कोठे थांबावे, हे डॉक्टरांनी तीत लिहावे. या सभागृहात डॉक्टर झालेले माजी विद्यार्थी असतील. त्यांनी महिन्यातून एक दिवस व्यायामशिक्षकांबरोबर या मुलांसाठी द्यावा. गुरुवर्यांच्या स्मृतीला वाहिलेले ते उत्तम पुष्प ठरेल.